साडेसहाचा हट्ट

एचबीएवनसी (तीन महिन्यांची सरासरी साखर) साडेसहाच्या वर गेली की माझ्याकडून बोलणी ठरलेली. समोरचा पन्नाशीचा की ऐंशीचा, हे पाहत नसे, गोळी वाढवायचो. १९९८ साली ब्रिटनच्या यूकेपीडीएस अभ्यासाने दाखवलं, साखर आवरली तर डोळे आणि मूत्रपिंडं वाचतात. आमच्या पिढीचं तेच पाठांतर.

एका बारशीला पहाटे फोन आला. ८१ वर्षांच्या आजी न्हाणीच्या उंबऱ्यात पडल्या होत्या, नातवालाही ओळखेनात. घरच्यांना वाटलं अर्धांगवायू. ग्लुकोमीटरवर आकडा आला ४२! शिरेतून ग्लुकोज गेलं, तशा त्या भानावर आल्या. खुब्याचं हाड मात्र मोडलं होतं.

आदल्या दिवशी एकादशी, पोटात एक राजगिऱ्याचा लाडू आणि चहा. गोळी मात्र चुकवली नव्हती. का, तर "डॉक्टर रागावतात."

फाइल उघडली. शेवटच्या ६.४ या आकड्याभोवती माझंच लाल वर्तुळ, शेजारी 'उत्तम'.

ती गोळी ग्लिबेनक्लामाइड. मूत्रपिंड मंदावलं की ती अंगात रेंगाळते, हे मला ठाऊक होतं. यूकेपीडीएसमध्ये २५ ते ६५ वयाचे, नव्याने मधुमेह झालेले रुग्ण घेतले होते, हेही छापलेलंच होतं. आजी त्यात बसतच नव्हत्या. २००८ मध्ये अमेरिकेतल्या अ‍ॅकॉर्ड अभ्यासात एचबीएवनसी सहाच्या खाली आणायचं उद्दिष्ट ठेवलेल्या गटात मृत्यू जास्त झाले, म्हणून ते कडक उपचार मुदतीआधीच थांबवले. तेही वाचलं होतं, मनावर घेतलं नव्हतं.

आता पंचाहत्तरीतला धडधाकट माणूस असेल तर सात-साडेसात धरतो. हृदय, मूत्रपिंड, स्मरणशक्ती थकली असेल तर आठच्या आसपास चालवून घेतो. गोळी लिहिण्याआधी विचारतो : रात्री नीट जेवता का? घरी सोबत कोण असतं? पहाटे घाम, गोंधळल्यासारखं होतं का?

"वय झालं म्हणून सोडून दिलंत का?" एका मुलाने विचारलं. सोडलेलं नाही. साखर तीनशेवर राहिली तर रात्रभर लघवीला उठणं, अंगातलं पाणी आटणं, जखम चिघळणं हे आहेच. पण वरच्या साखरेचं नुकसान बहुधा वर्षांनी दिसतं, खालच्या साखरेचं एका पहाटेत.

आजी आता वॉकर घेऊन चालतात. उपवास सोडलेले नाहीत. दशमीला संध्याकाळी त्यांचा फोन येतो, "उद्या एकादशी आहे. गोळीचं काय करू?"

पूर्वी हे विचारायची त्यांना भीती वाटायची.