मेजावरचे कापड आणि लेण्यातील ठेव

गेल्या वर्षी वहीपूजनाला चार दिवस असताना, शाळेत फ्रेंच शिकणाऱ्या नातवाने विचारले, "आजोबा, फ्रेंचमध्ये लिहिण्याच्या मेजालाही ‘ब्यूरो’ म्हणतात आणि कचेरीलाही. असे का?"

या शब्दाचे मूळ कापडात आहे. ‘ब्यूर’ म्हणजे जाडेभरडे लोकरी कापड. लिहिण्याच्या, हिशेबाच्या मेजावर ते अंथरीत. पुढे कापडाचे नाव मेजाला, मेजाचे खोलीला आणि खोलीचे कचेरीला लागले. आपल्या ‘दप्तरा’चा प्रवासही असाच. फारसीमार्गे आलेल्या या शब्दाचे मूळ ग्रीक असून तेथे त्याचा अर्थ कातडे. आपल्याकडे हिशेबाच्या वह्या, कचेरीतील कागद आणि मुलांची पाठपिशवी, सारेच दप्तर. पुण्याच्या पेशवे दप्तरातील कागदही कापडी रुमालांतच बांधलेले.

कापड आणि नोंद यांचे नाते आपल्या नाशिकलाही जुनेच आहे. ते दाखविण्यासाठी दुसऱ्या दिवशी नातवाला घेऊन पांडवलेणी चढलो. दहाव्या लेण्यात नहपान क्षत्रपाचा जावई उषवदात याचा सुमारे १,९०० वर्षांपूर्वीचा लेख आहे. मला तो ठेवपावतीसारखाच वाटतो. गोवर्धन येथील विणकरांच्या दोन श्रेणींकडे त्याने ३,००० कार्षापण ठेवले. २,००० दरमहा एक टक्का व्याजाने आणि १,००० पाऊण टक्क्याने. मुद्दल परत घ्यायचे नाही, व्याजच वापरायचे. पहिल्या ठेवीतून वर्षावासातील २० भिक्षूंना वस्त्रासाठी प्रत्येकी १२ कार्षापण. नातवाने तेथेच हिशेब केला: वर्षाचे व्याज २४०, वीस जणांत बरोबर १२! ही ठेव निगमसभेत जाहीर करून फलकांवर नोंदविल्याचेही लेखात म्हटले आहे.

उतरताना माझे मन मात्र अस्वस्थ होते. सारे हिशेब संगणकावर गेल्याने दुकानाचे जुने चोपडे रद्दीत देण्याचे चिरंजीवांनी ठरविले होते आणि मी संमती दिली होती. त्या रात्री खारव्याची बासने सोडली. वडिलांच्या खतावणीत आत्याच्या नावे लहानशी ठेव निघाली. तिचे व्याज दरवर्षी पांजरपोळीच्या चाऱ्यासाठी द्यायचे होते. वडिलांच्या पश्चात ती शिल्लक कोणीच पुढे ओढली नव्हती. आयुष्यभर परक्यांच्या ठेवी सांभाळणाऱ्या मीही नाही.

वहीपूजनाच्या दिवशी नव्या वहीत ‘श्री’नंतरची पहिली नोंद आत्याच्या खात्याची झाली. थकलेले व्याज नातवाने काढले, चिरंजीवांनी भरले. चोपडे पुन्हा खारव्यात बांधून कपाटात ठेवले.