फुटलेली मंडळी

आमच्या आजोबांचा एक ठाम सिद्धांत आहे. गाणारी माणसे एकत्र असतात तोवर देव त्यांच्यात बसतो. फुटली की देव उठून जातो आणि उरतात ती नुसती गाणारी माणसे. हा सिद्धांत ते प्रत्येकाला ऐकवतात आणि पुरावा म्हणून १९१३ साल पुढे करतात.

त्या वर्षी किर्लोस्कर नाटक मंडळी फुटली. अण्णासाहेब किर्लोस्करांनी १८८० मध्ये ‘शाकुंतल’ रंगभूमीवर आणले, तेव्हापासूनची ही मंडळी. तिच्यातून बालगंधर्व, गणपतराव बोडस आणि गोविंदराव टेंबे असे तिघे बाहेर पडले आणि गंधर्व नाटक मंडळी उभी राहिली. दोनच वर्षांपूर्वी, १९११ मध्ये, खाडिलकरांच्या ‘मानापमाना’ला टेंब्यांनी चाली दिल्या होत्या. आजोबा म्हणतात, “मानापमान करणारी माणसं एकत्र राहिली असती, तर पुढं काय झालं असतं, विचार कर!”

मी विचार केला, आणि मला ते पटेना. फूट पडली नसती तर १९१६ चे ‘स्वयंवर’ त्या रूपात झाले असते का? भास्करबुवा बखल्यांच्या चाली आणि बालगंधर्वांचा गळा यांचा तो योग नव्या, स्वतःच्या घरात जुळून आला. १९१९ मध्ये ‘एकच प्याला’ आले. गडकरी त्याआधीच गेले होते, पण बोडसांचा सुधाकर आणि बालगंधर्वांची सिंधू लोकांनी डोक्यावर घेतली. फुटीने नुकसान झाले म्हणावे, तर हे कुठल्या खात्यात मांडायचे? बरे, मागे राहिलेल्या किर्लोस्कर मंडळीलाही दीनानाथ मंगेशकर मिळाले. चार वर्षे होतात न होतात तोच तेही बाहेर पडले आणि १९१८ मध्ये बळवंत संगीत मंडळी निघाली, हा भाग वेगळा. आपल्याकडे मंडळी निघते ती जणू फुटण्यासाठीच!

आजोबांचा मुद्दा मला पटला तो दुसऱ्या फुटीबाबत. तिचा उल्लेख ते करीत नाहीत, कारण तिला गाजलेली तारीख नाही. टेंबे थोड्याच वर्षांत गंधर्व मंडळीतून गेले; पुढे बोडसही दूर झाले. नावे तिघांची होती, राहिले एकटे बालगंधर्व. खर्चाला ‘नको’ म्हणणारे, बरोबरीच्या नात्याने अडवणारे कोणी उरले नाही. १९२० च्या ‘द्रौपदी’ची भरजरी सजावट आणि त्यानंतरचे कर्ज हा इतिहास सर्वांना ठाऊक आहे. गळा तोच होता, रसिक तेच होते. पण हिशेबाची वही कोणी वाचत नव्हते. म्हणून मला वाटते, १९१३ ची फूट तारक ठरली; मारक ठरली ती नंतरची, हळूहळू झालेली. इंग्लंडातल्या बीटल्सबद्दलही असेच वाद घालतात. ते १९७० मध्ये वेगळे झाले. चौघांनी वेगवेगळी गाणी केली, पण एकमेकांना टोकणारे चौघे पुन्हा एका खोलीत बसले नाहीत.

तरी एक गोष्ट आजोबांच्या बाजूने सांगितली पाहिजे. ८ जुलै १९२१ रोजी मुंबईत टिळक स्वराज्य फंडासाठी ‘संयुक्त मानापमान’ झाले. केशवराव भोसले धैर्यधर, बालगंधर्व भामिनी. दोन प्रतिस्पर्धी मंडळ्यांचे दोन राजे एका रंगमंचावर! त्यानंतर तीन महिन्यांत केशवराव गेले.

आजोबांचा हा सिद्धांत नाटकमंडळीतून आलेला नाही, हे मला उशिरा कळले. आमच्या आळीत एक भजनी मंडळ होते. आजोबा त्यात पखवाज वाजवीत. दोन मुख्य गाणारे. एकाचा आवाज खर्जातला, दुसऱ्याचा टिपेचा. १९३१ च्या ‘कान्होपात्रे’तली पदे ते असे म्हणत की लोक वाट सोडून थांबत. कान्होपात्रा आमच्या विठोबाच्या पायाशी विसावलेली, म्हणून ते नाटक पंढरपूरकरांना घरचेच वाटते. एका कार्तिकीला आधी कोणी म्हणायचे यावरून बिनसले. पेटी एका गटाकडे गेली, सतरंजी दुसऱ्याकडे. पखवाज आजोबांचा स्वतःचा होता. तो त्यांनी खुंटीला लावला आणि दोन्हीकडे जाणे सोडले.

पुढे दोन्ही मंडळे चांगली चालली, हे मी त्यांना ऐकवले. एकाला बाहेरगावची आमंत्रणे येत. दुसऱ्यात पोरे शिकून तयार झाली. “म्हणजे फायदाच झाला की, आजोबा.” ते म्हणाले, “झाला. मी कुठं नाही म्हणतो?” आणि कपाटातून एक कॅसेट काढली.

फितीवर खरखर फार. खर्जाचा आवाज ओळ उचलतो, टिपेचा त्यावर चढतो, मध्येच कोणी खोकते. चांगले गायले होते का, ते मला सांगता येणार नाही. मला तेवढे कळत नाही. मी आजोबांच्या हाताकडे पाहत होतो. बोटे मांडीवर ठेका धरत होती, आणि जिथे दोघे एकदम समेवर यायचे, तिथे ती दर वेळी किंचित आधी थांबत.

टिपेचे आवाजवाले गेल्या माघात वारले. खर्जवाले आजोबा खांदा द्यायला आले होते. परवा त्यांनी निरोप पाठवला आहे, पखवाजाला नवी शाई भरून घ्या म्हणून. आजोबांनी अजून उत्तर दिलेले नाही. पखवाज मात्र खुंटीवरून खाली काढून ठेवला आहे.