खोळ

आमच्या बावांनी चाळीस वर्षे दाभोळच्या खाडीत होडी चालवली, ती फळीवर बसून नाहीतर उभ्याने. गुडघ्याचे ऑपरेशन झाल्यावर डॉक्टरांनी त्यांना खाली बसायला मनाई केली. कुवेतहून भाईचा फोन आला, "होडी विकून टाका." बावा काही बोलले नाहीत. आठ दिवसांनी त्यांनी चिपळूणच्या एका भंगारवाल्याकडून जुन्या टेम्पोची ड्रायव्हरची सीट आणली आणि सुकाणूपाशी नटबोल्टने बसवून घेतली.

ते फोनचे उत्तर होते. पण सीट उघड्यावर पडली. होडीवरचा झाप ३ जून २०२०च्या निसर्ग वादळात उडाला, तो पुन्हा घातलाच नव्हता. आणि फोम एकदा खारे पाणी प्यायला की नीट सुकत नाही. आत राहिलेले मीठ हवेतला ओलावा ओढत राहते.

"बाय, एक खोळ शिवून दे," बावा म्हणाले.

मी लगेच हो म्हटले नाही. खोळ शिवणे म्हणजे होडी ठेवायच्या बाजूने मत देणे. उद्या पाण्यात काही बरेवाईट झाले, तर भाई मलाच विचारणार. तरी मे महिन्याच्या सुट्टीत मी अम्मीची पायाची मशीन पुसून तेल घातले.

आधी कागदावर माप काढायचे. मी उर्दू अखबार उचलला, तर अम्मी ओरडली, "त्यात कुठे बिस्मिल्ला असेल, आयत असेल. बसायच्या जागेवर ठेवतेस?" मग मराठी पेपर घेतला. पण दुसऱ्या कुणाच्या देवाचे नाव त्यात असेलच की! शेवटी टेंडर नोटिसांचे पान शोधले. शाळेत मी मुलांना कार्यानुभव शिकवते, म्हणजे बहुतेक वेळा कागदाची फुले. एवढ्या काळजीने पान मी कधी निवडले नव्हते.

कापड घेतले रिक्षाच्या हुडाचे रेक्झीन. सलवार-कमीज शिवणाऱ्या हाताला ते ऐकत नाही. टाचणी लावली तर तिचे भोक कायम राहते, म्हणून कपडे वाळत घालायचे चिमटे लावले. दाबपट्टीखाली ते चिकटते, म्हणून कागदाची पट्टी ठेवून शिवले आणि मग ती फाडून काढली. पहिली शिवण मी सवयीने बारीक टाक्यांची घातली. ओढून पाहिले, तर पोस्टाच्या तिकिटासारखी त्या ओळीवर फाटली. उसवून उपयोग नव्हता, भोके थोडीच बुजतात? तो तुकडा फुकट गेला. दुसऱ्या वेळी १८ नंबरची सुई, नायलॉनचा दोरा आणि मोठा टाका घेतला. शिवणी वर न ठेवता बाजूंना उतरवल्या, म्हणजे त्यांच्यावर पाणी साचणार नाही. खाली सलवारीसारखा नेफा केला. मागच्या बाजूला झाकणीखाली हवेला वाट ठेवली, नाहीतर आत बुरशी धरते.

कोपऱ्यांवर मशीन अडली. तिथे कापडाचे चार पदर आले. चाक हाताने फिरवले, तर सुई मोडली.

बावा ओट्यावरून बघत होते. असरची नमाज पढून आले, तेव्हा हातात जाळ्याचा नायलॉन दोरा आणि गोणपाट शिवायचा दाभण होता. मला बाजूला सारून त्यांनी तीन कोपरे हाताने शिवले. प्रत्येक टाक्याला दोरा दातात धरून आवळायचा, मग गाठ. जाळे सांधताना घालतात तीच. मी जन्मभर ती गाठ पाहत आले आहे, पण मला ती येत नाही. त्यांनी कधी शिकवली नाही, मीही मागितली नाही. मुलीला कशाला हवी, असे दोघांनाही वाटले असावे. त्या संध्याकाळी मी म्हटले, "मला दाखवा." त्यांनी तीनदा दाखवली. चौथा कोपरा माझा आहे. तो जरा सैल आहे.

जूनच्या पहिल्या पावसानंतर मी त्यांच्याबरोबर किनाऱ्यावर गेले. यांत्रिक बोटींची मासेमारी ३१ जुलैपर्यंत बंद, होडी वर ओढलेली. बावांनी खोळीवर साचलेले पाणी हाताने निपटले, नाडा सोडला आणि आत हात घातला. फोम कोरडा होता. माझ्या कोपऱ्याखाली तेवढा रुपयाएवढा ओला डाग.

त्यांनी तो अंगठ्याने दाबून पाहिला. "नाडा लांब झालाय," एवढेच म्हणाले, आणि खिशातून चाकू काढला.