एका आकड्याची गोष्ट



या वेळी लोणचं नाही की उपवासाचा पदार्थ नाही. आज सांगायचंय ते आमच्या जुन्या ट्रकच्या विम्याबद्दल. हसू नका, शेवटपर्यंत वाचा. गोष्ट ट्रकची असली तरी आपल्या प्रत्येकीच्या कपाटातल्या कागदांना लागू आहे.

आमच्या अण्णांनी, म्हणजे सासऱ्यांनी, 1967 साली टाटा-मर्सिडीज ट्रक घेतला. टाटांनी 1954 मध्ये जर्मनीच्या डेम्लर-बेंझ कंपनीशी करार करून जमशेदपूरला हे ट्रक बनवायला सुरुवात केली. 1969 पर्यंतच्या या गाड्यांच्या नाकावर तीन टोकांची चांदणी असायची. गावात आमच्या ट्रकला सगळे 'बेंझ'च म्हणत. अण्णांनी त्यातून हळद नेली, गूळ नेला, पुढे तासगावची द्राक्षं मुंबईला पोचवली. कत्तलीची जनावरं मात्र कधी चढवू दिली नाहीत, भाडं दुप्पट मिळत असतानाही. आता धंदा बंद आहे. ट्रक मळ्यातल्या शेडमध्ये असतो आणि महावीर जयंतीच्या मिरवणुकीला सजवून बाहेर निघतो.

मध्यंतरी ह्यांच्या आजारपणात विमा खंडित झाला. मिरवणूक बारा दिवसांवर आली तेव्हा लक्षात आलं. वर्षातून एकच दिवस का होईना, गाडी सार्वजनिक रस्त्यावर आणायची तर मोटार वाहन कायद्याच्या कलम 146 प्रमाणे तिऱ्हाइताचा, म्हणजे थर्ड पार्टी, विमा लागतोच. आणि ट्रकच्या पुढे कोण चालतं? आपलीच पोरं, डोक्यावर कलश घेतलेल्या आपल्याच लेकी-सुना.

खंडित विमा पुन्हा सुरू करताना कंपनीचा माणूस गाडी बघायला येतो. तो आला, पुढच्या चाकाजवळ चेसिसच्या पट्टीवरचा रंग खरवडला, कागद ठेवून पेन्सिल फिरवली आणि उमटलेला नंबर आरसी बुकाशी ताडून पाहिला. बुकात होता 3, लोखंडावर निघाला 8. एवढी वर्षं पासिंग झालं पण रंग आणि वंगणाच्या थराखाली 8 ची डावी बाजू बुजून त्याचा 3 दिसत होता. तो म्हणाला, "नंबर जुळत नाही, पॉलिसी निघणार नाही."

(आजच्या गाड्यांना 17 अक्षर-आकड्यांचा नंबर असतो. त्यात इंग्रजी आय, ओ आणि क्यू ही अक्षरं मुद्दाम वापरत नाहीत, एक आणि शून्याशी घोटाळा नको म्हणून. जुन्या गाड्यांना ही सोय कुठली!)

संध्याकाळी दिवस मावळायच्या आत जेवणं उरकली आणि एजंट आला. म्हणाला, "काकू, एका आकड्याचा तर प्रश्न आहे. मिस्त्रीकडं नंबरचे पंच आहेत. 8 घासून 3 मारतो, वर काळा रंग. उद्या दुसरा माणूस तपासायला पाठवतो."

हे गप्प बसले. मिरवणुकीचा शब्द दिलेला, ट्रक अण्णांचा. मीही क्षणभर गप्पच होते, खोटं कशाला सांगू? कुणाचं काही चोरायचं नव्हतं. गाडी आमचीच होती.

पण सांगलीला बी.कॉम. करताना शिकलेलं एक तत्त्व आठवलं. विम्याचा करार परम सद्भावाचा असतो. विकत घेणाऱ्यानं माल पारखून घ्यावा हा इतर व्यवहारांचा नियम इथे पुरत नाही, कारण आपल्या वस्तूची माहिती आपल्यालाच असते. ती लपवली तर करार आतून पोकळ होतो. आणि स्वाध्यायात वाचलेला एक शब्द आठवला. तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात सत्याणुव्रताचे अतिचार सांगितले आहेत, त्यांत एक आहे कूटलेखक्रिया, म्हणजे खोटा लेख तयार करणं. मला तो शब्द नेहमी सावकारांसाठी, व्यापाऱ्यांसाठी वाटायचा. आज तो आमच्या ओसरीवर येऊन बसला होता.

मी म्हटलं, "पंच नको. आधी अण्णांची ट्रंक उघडू."

दोन दिवस कागद चाळले. टॅक्सच्या पावत्या, रोजकीर्दीच्या वह्या, जुन्या पॉलिस्या. तळाशी मेणकापडात डीलरचं मूळ बिल सापडलं. त्यावर चेसिस नंबर स्वच्छ टंकलेला होता, आणि त्यात 8 होता. मग उलगडा झाला. 1979 साली मूळ आरसी बुक पावसात भिजलं म्हणून दुय्यम प्रत काढली होती. ती हातानं लिहिताना 8 चा 3 झाला होता.

मैत्रिणींनो, माझे हातपाय गार पडले. लोखंड खरं बोलत होतं, कागद चुकला होता. आणि आम्ही खऱ्याला घासून खोट्याशी जुळवायला निघालो होतो! चेसिस नंबरात खाडाखोड हा गुन्हा तर आहेच, पण त्यानंतर ते बिल दाखवायची सोयही उरली नसती. मिरवणुकीत कुणाला काही झालं असतं आणि घासलेला आकडा उघडा पडला असता, तर त्या घरासमोर आम्ही कुठल्या तोंडानं उभे राहिलो असतो?

रीतसर अर्ज केला. बिल जोडलं, गाडी दाखवली, हेलपाटे घातले. दुरुस्ती व्हायला अडीच महिने लागले. त्या वर्षी मिरवणुकीत आमचा ट्रक नव्हता. पालखी तरुणांनी खांद्यावरून नेली. चार लोक बोलले, "काय एवढं, एका आकड्यासाठी." ह्यांना ते लागलं. दोन दिवस माझ्याशी नीट बोलले नाहीत. पुढच्या वर्षी ट्रक निघाला तेव्हा मात्र स्वतः येऊन म्हणाले, "तुझी ट्रंक बरी निघाली."

आता तुमच्यासाठी चार गोष्टी. घरातल्या प्रत्येक गाडीच्या चेसिस नंबरचा फोटो काढून आरसीशी आणि पॉलिसीशी ताडून बघा. पहिलं बिल कधी टाकू नका. विम्याची मुदत संपायच्या आत भरा. आणि प्रपोजल फॉर्म एजंटला कोरा सही करून देऊ नका, मेडिक्लेमचा तर मुळीच नको. "काकू, शुगर लिहू नका, हप्ता वाढेल" असं म्हणणाराही पंचच मारत असतो, फक्त त्याचा आवाज होत नाही.

दशलक्षण पर्वात उत्तम सत्याच्या दिवशी आपण पूजा करतो, प्रवचन ऐकतो. त्या व्रताची परीक्षा मात्र कधीतरी शेडमध्ये, वंगणानं माखलेल्या लोखंडावर होते. तेव्हा पंच उचलण्याआधी एकदा ट्रंक उघडून बघावी.

जय जिनेंद्र.