ताप नव्हता

लहानपणी आमच्या घरात थर्मामीटर होता, पण त्याला कुणी फारसं विचारायचं नाही. आई कपाळावर हात ठेवायची आणि सांगायची, "शंभरच्या वर आहे." बाबांना खात्री करून घ्यायची हौस. ते थर्मामीटर लावायचे. पारा 100.4 वर. आई स्वयंपाकघरातूनच म्हणायची, "सांगितलं ना."

तो हात गेल्या मे महिन्यात चुकला.

महिनाभर घरून काम करायची परवानगी मिळाली म्हणून मी पुण्याहून अकोल्याला आले होते. सोबत गुंड्या, माझा बोका, वजन चार किलो. अकोल्याच्या मे महिन्यात 45 अंशांचं कुणाला नवल वाटत नाही, पण गुंड्याचा इथला हा पहिलाच उन्हाळा. मी तयारी केली ती इंजिनिअरच्या सवयीने, यादी करून. कूलरच्या पत्र्याला शॉक लागू नये म्हणून अर्थिंग तपासून घेतलं. आईने नुकतेच स्वेटर बांधून ठेवले होते, त्यातल्या डांबरगोळ्या काढल्या. गच्चीच्या दाराला कडी. चार खोल्यांत पाण्याची चार भांडी. एकेका ओळीपुढे बरोबरची खूण करत गेले आणि स्वतःवरच खूश झाले.

त्या दिवशी दुपारी दीडला लाइट गेली. मी खालच्या खोलीत दार लावून, कानात हेडफोन घालून मीटिंगमध्ये होते. गुंड्या वर, स्लॅबखालच्या खोलीत झोपलेला. अडीचच्या सुमारास आई वाळवण बघायला वर गेली, तर हा फरशीवर आडवा, तोंड उघडं, कुत्र्यासारखा धापा टाकतोय. तिने कानाला हात लावला. चटका बसला.

ती त्याला खाली घेऊन आली आणि माझ्यासाठी जे केलं असतं तेच तिने त्याच्यासाठी केलं. आधी कांदा किसला. ऊन लागलं की आमच्याकडे तळपायांना कांद्याचा रस चोळतात. त्याने बोचकारलं, म्हणून ते राहिलं. मग पॅरासिटामॉलची अर्धी गोळी कुटून दुधात कालवली आणि चमच्याने त्याच्या घशात ओतली. मी बाहेर आले तेव्हा ती म्हणाली, "तुझ्या गुंड्याचं अंग पाह्य कसं भाजून राह्यलं होतं. गोळी दिली. उतरेल आता."

मला तेव्हा काय माहीत होतं ते सांगते, कारण खरी टोचणी तिथेच आहे.

मांजराचं नेहमीचं तापमानच 100.5 ते 102.5 फॅरनहाइट असतं. धडधाकट मांजरसुद्धा माणसाच्या हाताला तापल्यासारखं लागतं. त्याला घाम येतो तो पंज्यांच्या गादीला, तोही नावापुरता. अंग चाटून ओलं करायचं आणि ती ओल वाळताना गार व्हायचं, हीच त्याची पद्धत. त्यामुळे मांजर तोंड उघडून धापा टाकू लागलं, की त्याचे उपाय संपत आलेत असं समजायचं. आणि ऊन लागणं म्हणजे ताप नव्हे. तापात मेंदूतला थर्मोस्टॅट वर सरकतो, पॅरासिटामॉल तो खाली आणतं. ऊन लागतं तेव्हा थर्मोस्टॅट जागेवरच असतो, शरीराला बाहेरची उष्णता पेलवत नाही. तिथे ही गोळी माणसालाही उपयोगाची नाही. साध्या पाण्याने पोट, काखा, पंजे ओले करायचे, वारा घालायचा, बर्फ लावायचा नाही आणि डॉक्टर गाठायचे.

मांजराला मात्र ती गोळी विषच. पॅरासिटामॉल निकामी करणारं जे एन्झाइम आपल्या यकृतात असतं, त्याचं जनुक मांजरांमध्ये मोडकं आहे. कोडमध्ये फंक्शन दिसतं, पण चालत नाही, तसं. मग औषधाचे घातक अंश रक्तावर तुटून पडतात, हिमोग्लोबिनला ऑक्सिजन वाहता येत नाही, रक्त चॉकलेटी होतं. आणि न चोळलेला तो कांदा? त्यानेही मांजराच्या लाल पेशी फुटतात, आणि पायाला लावलेलं मांजर चाटणारच.

हे सगळं मला तीन वर्षांपासून ठाऊक होतं. आईला मी एका शब्दाने सांगितलं नव्हतं. माझ्या यादीत तारा होत्या, गोळ्या होत्या, दारं होती. त्याच्यावर माया करणारं माणूस नव्हतं.

ओल्या पंचात गुंडाळून त्याला डॉक्टरांकडे नेलं. बाबा गाडी चालवत होते, आई मागच्या सीटवर पुठ्ठ्याने वारा घालत होती. डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, "किती मिलिग्रॅम, किती वाजता?" आईने चुरगळलेलं पाकीट पुढे केलं. ते तिने मुठीत धरून आणलं होतं. तेव्हापासून मी सगळ्यांना सांगते, पाकीट सोबत न्या.

उतारा म्हणून एन-अ‍ॅसिटिलसिस्टीन द्यायचं होतं. ते माणसांच्या मेडिकलमध्ये मिळालं. संध्याकाळी त्याच्या हिरड्या मातकट झाल्या, तोंड सुजलं. रात्रभर ऑक्सिजन. तिसऱ्या दिवशी तो स्वतःहून पाणी प्यायला.

घरी आल्यावर आई त्याच्याजवळ जाईना. तो पायात घोटाळला तरी ती हात मागे बांधून उभी राहायची. "मले नाही समजत त्याचं," एवढंच म्हणायची. मग एका रात्री मी तिला सगळं नीट सांगितलं, आकड्यांसकट. ती बराच वेळ गप्प होती. शेवटी म्हणाली, "म्हणजे त्याले रोजच आपला ताप असते?"

दुसऱ्या दिवशी औषधांच्या डब्यावर तिच्या अक्षरात चिठ्ठी चिकटवलेली होती: गुंड्याला यातलं काही नाही.

पुण्याला निघायच्या सकाळी तो तिच्या मांडीवर होता. तिने त्याच्या पोटावर हात ठेवला, जरा वेळ तसाच ठेवला.

"एकशे एकच्या वर आहे," ती म्हणाली. "बरोबर आहे ना?"

मी थर्मामीटर काढला नाही.