अण्णांच्या गोळ्यांची पिशवी

पुण्यातल्या त्या बड्या न्यूरॉलॉजिस्टच्या टेबलावर अण्णांच्या गोळ्यांची पिशवी मी स्वतः ठेवली होती. त्यांनी ती कोपराने बाजूला सारली आणि एमआरआयची फिल्म उजेडावर धरली. हा राग माझ्या डोक्यातून अजून जात नाही.

बाकी सगळं नेहमीचंच. वय त्र्याहत्तर, हात थरथरायला लागले, चाल मंदावली, सही इतकी बारीक झाली की बँकेने चेक परत केला. आमच्या बार्शीत सगळेच 'मेंदूचे डॉक्टर', त्यामुळे कुणीतरी आधी न्यूरोसर्जनचंच नाव सुचवलं. ते ऑपरेशनवाले, आपल्याला एमडीनंतर डीएम न्यूरॉलॉजी केलेला डॉक्टर हवा, हे शेवटी मेडिकलवाल्याने सांगितलं. भावजींचं शास्त्र वेगळं. ज्याचा नंबर महिनाभर लागत नाही, तो चांगला!

लागला नंबर. अण्णांना खुर्चीतून उठवलंसुद्धा नाही. फिल्ममध्ये 'वयानुसार बदल', बाकी काही नाही. पार्किन्सन्स ओळखायचा तो माणूस तपासून. एमआरआय बहुतेकदा दुसरं काही नाही ना, एवढं बघायला. हे मला नंतर समजलं, पण त्यांना तर आधीपासून माहीत होतं ना? मग माणसाकडे बघायला काय झालं होतं? पार्किन्सन्स म्हणून लेवोडोपाची चिठ्ठी, "आता हे आयुष्यभर," आणि पुढचा पेशंट. आई जिन्यातच रडायला लागली.

मग सोलापूर गाठलं. तिथल्या डॉक्टर बाई फटकळ. "तुम्ही गप्प बसा, त्यांना बोलू दे," हे मला. अण्णांना अंगठ्यावर तर्जनी भराभर आपटायला लावली, मनगट फिरवून ताठरपणा पाहिला, पॅसेजमध्ये चालवलं, मागे उभं राहून खांदे झटकन ओढले. दोन्ही हात सारखेच थरथरत होते. पार्किन्सन्स बहुधा एका बाजूने सुरू होतो, म्हणाल्या, आणि पिशवी टेबलावर पालथी केली. नेमकी अ‍ॅसिडिटीची कॅप्सूल उचलली. पँटोप्राझोल आणि लेवोसल्पिराइड.

"ही कधीपासून?"

मागच्या दिवाळीपासून. रोज, उपाशीपोटी.

लेवोसल्पिराइड डोपामिनचं काम अडवतं, थरथर त्यानेच. म्हणजे एक गोळी डोपामिन अडवणार आणि पुण्याची लेवोडोपा ते वाढवणार. दोन्हींचे पैसे आमचे! कॅप्सूल बंद झाली, तरी थरथर जायला संक्रांत उजाडली. (हे वाचून घरच्या घरी गोळ्या बंद करू नका. फिटची गोळी एकदम सोडली तर जिवावर बेतू शकतं.)

हल्ली कुणी विचारलं की मी सांगतो, फाइल राहू दे, घरातली प्रत्येक गोळी न्या. चक्करची सिनारिझिनसुद्धा, तिनेही असंच होऊ शकतं. सोलापूरच्या बाईंचं नाव देतो. निम्मे जण परत येऊन म्हणतात, फार तोडून बोलतात हो. अण्णांनाही पुण्याचेच आवडले होते, 'काका' म्हणायचे म्हणून.

ती कॅप्सूल लिहून देणाऱ्या आमच्या फॅमिली डॉक्टरांना मात्र जाब विचारायचाच, असं ठरवून गेलो होतो. आईला दम लागला तेव्हा हेच रात्री दोनला स्कूटर काढून घरी आले होते. कॅप्सूलचं सांगितलं, पण जाब राहिला. येताना खोकल्याचं औषध तेवढं घेऊन आलो.