मुक्कामी गाडी

पाटण खोऱ्यातल्या आमच्या गावात तेव्हा रात्री आठला एसटी मुक्कामाला यायची. ड्रायव्हर-कंडक्टर मारुतीच्या देवळात अंथरूण टाकायचे आणि सकाळी सहाला तीच गाडी परत पाटणला निघायची. त्या गाडीवर आमच्या दादाचं अकरावी-बारावी झालं.

साल 1986. दादाच्या डाव्या पायाला लहानपणीच पोलिओ झालेला. दहावीपर्यंतची शाळा गावातच होती, कुबडी टेकत तो जायचा. कॉलेज मात्र तालुक्याला. एसटीची पहिली पायरी त्याच्या गुडघ्याच्याही वर. कॅलिपर लावलेला पाय वाकत नाही. तो आधी कुबडी आत सरकवायचा, दोन्ही हातांनी दांडा धरायचा, चांगला पाय वर घ्यायचा आणि मग जड पाय ओढून घ्यायचा. कंडक्टरतात्या खाली उतरून त्याच्या मागं उभे राहायचे, पण हात लावायचे नाहीत. एकदाच, पावसानं पायरी निसरडी झाली होती तेव्हा, त्यांनी त्याला बखोटीला धरलं. "धरतो रं, लाजू नगंस," एवढंच म्हणाले. दादा चढल्याशिवाय त्यांनी कधी घंटी मारली नाही.

पावसाळ्यात कॅलिपरचे चामडी पट्टे भिजून जड व्हायचे. आई रात्री ते चुलीच्या वैलाजवळ ठेवायची, फार जवळ नाही, नाहीतर चामडं तडकायचं. सकाळी खोबरेल चोळून दादाच्या हातात द्यायची. त्या तेलाचा आणि ओल्या चामड्याचा वास अजून नाकात आहे.

पण ते दिवस फार गोड करून सांगायला मन होत नाही. एका श्रावणात दरड कोसळली आणि रस्ता पंधरा दिवस बंद झाला. बाकीची पोरं डोंगरातल्या पायवाटेनं पाटणला गेली. दादा पंधरा दिवस ओट्यावर बसून रस्त्याकडे बघत राहिला. तात्यांची माया गाडीबरोबर यायची आणि गाडी आली नाही की तीही यायची नाही. अशा मुलाला कॉलेजात पोचवणं हे कुणाचं काम असू शकतं, हे तेव्हा आमच्या कुणाच्या मनातही आलं नव्हतं.

आता शेजारच्या घरातली पोरगी एकोणीस वर्षांची आहे, बौद्धिक दिव्यांग. शिवणकाम शिकायला कऱ्हाडला जाते, पाटणला गाडी बदलून. तिच्या पर्समध्ये दिव्यांगांचं यूडीआयडी कार्ड आहे, एसटीत 75 टक्के सवलत आहे. शाळेत होती तोवर समग्र शिक्षा योजनेतून प्रवासभत्ता आणि मदतनीस भत्ताही मिळायचा. हे सगळं दादाला मिळालं असतं तर, असं मला सारखं वाटतं. पण भत्त्यांची ती मदत बारावीपर्यंतचीच. अपंगांसाठीचा 1995 चा कायदा मोफत शिक्षण अठराव्या वर्षापर्यंत देत होता, 2016 च्या नव्या कायद्यातही अठराच राहिले. शाळा गावात असते तेव्हा भत्ता असतो, आणि वाट लांबते, गाड्या बदलाव्या लागतात, तेव्हा तो संपलेला असतो. मला हे फार उलटं वाटतं.

तीव्र दिव्यांगत्व असलेल्याच्या सोबत्याला एसटीत निम्मं तिकीट आहे. पण 17 मार्च 2023 पासून सगळ्याच बायकांना निम्मं तिकीट आहे, म्हणजे तिच्याबरोबर जाणाऱ्या तिच्या आईला सोबती म्हणून वेगळं काही उरत नाही. वडापच्या खासगी जीपमध्ये तर कसलीच सवलत नाही, दोघींचे पुरते पैसे. तिकिटाचं एक वेळ निभेल, तिच्या आईची रोजची शेतातली मजुरी बुडते तिचं काय?

पोरीला शिकवणाऱ्या बाई म्हणतात, ती एकटी जाऊ शकेल, फक्त कुणीतरी दोन-तीन महिने तिच्याबरोबर नुसतं बसायला हवं. गाडीवरची पाटी तिला पूर्ण वाचता येत नाही, पण 'क'वरून कऱ्हाड ओळखते. सुट्टे पैसे मोजताना गोंधळते. पाटणच्या स्टँडवर गर्दी झाली की भिंतीला चिकटून उभी राहते. हे शिकवायला वेळ लागतो, आणि त्या वेळाचे पैसे आम्हाला ठाऊक असलेल्या कुठल्याच योजनेत नाहीत.

गेल्या महिन्यापासून सोमवारी आणि गुरुवारी दादा तिच्याबरोबर जातो. आता ती पायरी त्यालाच जड जाते. पोरगी पुढं बसते, तो दोन सीट मागं. कंडक्टर आला की ती कार्ड काढते, मग पाकीट उघडते, एक नाणं खाली पडतं, वाकून शोधते. कंडक्टर मागं बघतो. दादा मानेनंच त्याला थांबायला सांगतो.